मागचं बटण

काकू : मग उघड की तो डबा! नुसती कुरवाळत काय बसलीस? मांजर आहे का ते?

दुरुस्तीवाली : उघडते, काकू. आधी सांगा, काकांनी काय काय करून पाहिलं?

काकू : करणार काय? पुढचं बटण दाबतात, तोंड पाडून बसतात, पुन्हा दाबतात. आठवडा झाला, डबा ढिम्म. छापखान्यातून रोज फोन. निम्मं पुस्तक आत अडकलंय. जन्मभर अक्षरं जुळवलीत ह्यांनी, ह्यांच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही.

दुरुस्तीवाली : इतका जुना कॉम्प्युटर, पण मागे धुळीचा कण नाही.

काकू : माझ्या घरात धूळ? काय शोधायला आलीयस तू?

दुरुस्तीवाली : अरेच्चा. काकू, हे मागचं बटण कुणी बंद केलं?

काकू : त्याला मागेही बटण असतं?

दुरुस्तीवाली : हे काय, वायर शिरते तिथं. हे बंद असलं की पुढचं कितीही दाबा. बघा, लागला.

काकू : एवढंच?

दुरुस्तीवाली : एवढंच. पुसताना तुमचा हात लागला असेल.

काकू : माझा नाही. निजायच्या आधी हे रोज टेबलामागे वाकायचे. सकाळी उठले की पुन्हा. मी म्हणायची, नमस्कार घालता का त्या डब्याला?

दुरुस्तीवाली : म्हणजे काकांना हे बटण चांगलंच माहीत आहे.

काकू : होतं.

दुरुस्तीवाली : काकू?

काकू : परवा दाराची कडी स्वतःच लावली आणि मला विचारलं, ही उघडायची कशी? मी हसले गं. म्हटलं, थट्टा करतायत.

दुरुस्तीवाली : एकदा डॉक्टरांना दाखवलंत तर...

काकू : तू डब्याचं बघ, माणसाचं मी बघते. बंद कर तो. आणि सगळे स्क्रू काढ.

दुरुस्तीवाली : अहो, पण चालू झालाय!

काकू : दिसतंय मला. आतडी बाहेर काढून मांड टेबलावर. हे आंघोळ करून आले की सांग, मोठा बिघाड होता.

दुरुस्तीवाली : खोटं सांगू?

काकू : मीच सांगितलं असतं, पण मला त्यातल्या एका तुकड्याचं नाव येत नाही. तुला येतं.

दुरुस्तीवाली : पॉवर सप्लाय गेला होता, म्हणते.

काकू : म्हण. ठसक्यात म्हण.

(काका टॉवेलानं डोकं पुसत येतात.)

काका : सापडलं काही?

दुरुस्तीवाली : पॉवर सप्लायच गेला होता, काका. तुम्ही दिवसभर बटण दाबलं असतंत तरी लागला नसता.

काका : बघ! हिला हेच सांगत होतो. मलाच वेड्यात काढत होती.

काकू : काढत होते खरी. चुकलं माझं.

काका : काय म्हणालीस? ऐकलंत का हो बाई, साक्षीला राहा!

दुरुस्तीवाली : राहते. झालं जोडून. आता तुमच्या हातानं लावा, काका.

काका : हो. लावतो ना. म्हणजे... तुम्हीच लावा. मी बघतो.

काकू : तिला जाऊ द्या, तिची कामं खोळंबलीत. सरका, मी लावते.

काका : तुला कुठं येतं?

काकू : येत नाही म्हणूनच. मागे एक बटण असतं म्हणे.

काका : मागे?

काकू : वाका माझ्याबरोबर. हळू. हात धरा माझा.