उपासाला चालणारी पूड

मंडळी, ऐका. पेटीवाले, सूर जरा खालचा द्या. गळा थकला आहे, आणि आख्यानही एका थकलेल्या बाईचंच आहे. झांज मी खालीच ठेवतो.

प्रश्न असा: वस्तू शुद्ध, देणाऱ्याचा हेतू शुद्ध, घेणाऱ्याची श्रद्धाही शुद्ध, तरी त्या तिघांच्या संयोगातून अनर्थ घडू शकतो का?

घाईनं माना हलवू नका! मी विचारतो आहे म्हणजे घडत असणारच, एवढं तुम्ही आता ओळखता. पण घरी गेल्यावर तुमचं उत्तर काय असतं? 'शुद्ध तर आहे, काय होतंय!' हेच ना? इतकी वर्षं ह्याच पाटावर उभा राहून हेच सांगतो आहे. असो. ऐका.

घाटाखाली, खाडीकाठी एक गाव. तिथे दिगंबरपंत आठल्ये राहतात. हायस्कुलात आयुष्यभर संस्कृत शिकवलं. माणूस सज्जन, पण वाद असा घालणार, की दूधवाल्यानं 'आज उशीर झाला' म्हटलं, तरी पंत विचारणार — 'कशाच्या अपेक्षेनं?' त्यांची पत्नी कुमुदताई. घरात गाणारी, अंगणात हसणारी बाई. तिची धाकटी बहीण गेली, आणि हिचा सूरच उतरला. रडणं नाही, ओरडणं नाही. नुसती बसून असायची. फोडणी जळायची, हिला वास यायचा नाही. पहाटे जाग यायची. उठावं कशासाठी, हे सापडायचं नाही.

हसू नका कुणी. ह्या मंडपातही दोघं-तिघं असे बसले असतील. मला इथून चेहरे दिसतात.

पंतांनी शहाणपणा केला. शहरातल्या मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. रोज सकाळी एक गोळी सुरू झाली. गुण आला, पण सावकाश. एखाद्या दिवशी ताई स्वतः होऊन चहा टाकायच्या. पंतांना तेवढ्यानं दिवाळी वाटायची.

अशात आल्या मालतीबाई — पंतांच्या थोरल्या भगिनी. मुलीकडे परदेशी राहून परतल्या होत्या. पिशवीतून बाटली काढली, पाटावर ठेवली.

"कुमुद, हे घे. ट्रिप्टोफॅन! आमच्या तिकडच्या शेजारणीला ह्यानं झोप लागायला लागली, मन हलकं झालं. औषध नव्हे हो, अमायनो आम्ल आहे. अन्नातलंच. तुझ्या त्या गोळीसारखं रसायन नाही."

कुमुदताई म्हणाल्या, "बरं, वन्सं."

मंडळी, हे 'बरं' नीट ऐका! हा होकार नव्हे. नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं, आणि ते बळ तिच्यापाशी नव्हतं.

पण दिवस होता एकादशीचा! पंतांनी भिंग आणलं. बाटलीवरचं लेबल उपनिषदासारखं वाचलं. भिंग थांबलं.

"मालूताई, ह्याचं कवच जिलेटिनचं आहे. म्हणजे जनावराची हाडं आणि कातडं!"

"अगंबाई! एकादशीला?"

"एकादशीलाच काय, द्वादशीलासुद्धा आपल्या घरात नाही."

"मग टोपण उघडू, आतली पूड घेऊ. पण पूड तरी उपासाला चालते का रे, दिगू?"

झालं! पंतांना इतकी वर्षं असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मांडी घालून बसले. "ट्रिप्टोफॅन दुधात असतं. शेंगदाण्यात असतं. दूध आणि शेंगदाणे उपासाला चालतात. चालणाऱ्या पदार्थाचा अंशही चालतो. म्हणून हा आहार आहे, औषध नव्हे. आणि उपासाला ग्राह्य आहे!"

वा! अनुमान पाहा, कुठे फट नाही. मी स्वतः परीक्षक असतो, तर पैकीच्या पैकी गुण दिले असते.

मालतीबाईंनी कॅप्सूल एकेक उघडली, पूड डब्यात पाडली, कवचं केराच्या टोपलीत टाकली आणि हात साबणानं धुतले. सोवळं साधलं! पण मंडळी, त्या टोपलीत कवचांबरोबर आणखी एक गोष्ट गेली. कोणती? बोला की! ...अहो, माप गेलं! लेबलावर मात्रा कॅप्सूलच्या हिशेबात होती; एका वेळी पूड किती घ्यायची, हे सांगणारं त्या घरात दुसरं काहीच नव्हतं. हाडाचं असेल, कातड्याचं असेल, पण माप तेच होतं. आता डब्यात पांढरी पूड, आणि तिच्यावर स्वयंपाकघरातला चमचा.

सकाळची नेहमीची गोळी झालेलीच होती. मग दुधात एक चमचा. दुपारी मालतीबाईंना ताईंचा चेहरा तरतरीत वाटला — प्रेमाला काय, जे हवं ते दिसतं — म्हणून आणखी एक चमचा. पोटात वरई-आमटीचे चार घास, बाकी रिकामं.

तिन्हीसांजेला कुमुदताई देवापुढे दिवा लावायला गेल्या. काडी वातीला लागेना. हात थरथरत होता. घाम फुटला. "अहो, मला आतून कुणीतरी हलवतंय," म्हणाल्या. दात वाजायला लागले, पाय आपोआप उडायला लागले, अंग तापलं, पोट बिघडलं. बसवत नाही, उभं राहवत नाही.

मालतीबाई म्हणाल्या, "पित्त झालं. उपास सोसला नाही हिला."

शेजाऱ्यांच्या गाडीतून गावातल्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टर कोण? नाझनीन मुकादम, पंतांचीच विद्यार्थिनी, संस्कृतात पहिली येणारी! तिनं नाडी पाहिली, ताप पाहिला, डोळ्यांवर बॅटरी धरली. बाहुल्या मोठ्या झालेल्या. गुडघ्यावर हलकेच ठोकलं, तर पाय ताडकन उडाला.

"सर, बाई कोणती औषधं घेतात?"

"एकच. सकाळची, मनाची गोळी." पंतांचा आवाज इथे जरा उतरला. आपल्याकडे उतरतो.

"डोस वाढवला? चुकून दोनदा घेतली?"

"नाही. मी स्वतः देतो."

"दुसरं काही औषध? खोकल्याचं, झोपेचं, आयुर्वेदिक, बाहेरून आणलेलं?"

"नाही. काही नाही."

मंडळी, पंत खोटं बोलले का? मुळीच नाही! हयातीत ते खोटं बोलले नव्हते. ती पूड औषध नव्हे, हे त्यांनी स्वतःच तर सकाळी सिद्ध केलं होतं. मग औषधांच्या यादीत ती येईल कशी? माणूस स्वतःच्याच युक्तिवादात कोंडला जातो, तो असा. आणि आत बायको थरथरते आहे!

डॉक्टर बुचकळ्यात पडली. लक्षणं एक सांगतात, सर दुसरं सांगतात. आणि सर तर खोटं बोलत नाहीत. एवढ्यात पलंगाच्या पलीकडे काय चाललं आहे? मालतीबाईंनी पिशवीतून थर्मास काढला. "कुमुद, घोटभर दूध घे गं. तुझी पूड घालून आणलंय. तोंड उघड, अंगात बळ येईल." पेला भरला. ओठांपाशी नेला. ताईंचे दात काठावर वाजायला लागले.

डॉक्टर पंतांकडेच पाहत होती. म्हणाली, "सर, आज एकादशी. रोज्यात आम्हीही असेच वागतो. पहाटे सहरीला काय-काय खाल्लं ते दवाखान्यात कुणी सांगत नाही. औषधांचं राहू दे. बाईंनी आज खाल्लं काय, तेवढं सांगा."

"वरईचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, दोन वेळा दूध. दुधात ट्रिप्टोफॅनची पूड —"

"काय?"

"ट्रिप्टोफॅन. तो आहार —"

"पेला खाली ठेवा! मावशी, खाली ठेवा तो!"

पेला निसटला. दूध फरशीभर झालं. पंतांच्या घरात दूध सांडलं की अपशकुन म्हणत. त्या दिवशी कुणी काही म्हणालं नाही.

मग धावपळ झाली. सलाईन, अंग शांत करणारी सुई, ताप उतरवायला ओली फडकी. पूड बंद. मालतीबाई रडत म्हणाल्या, "मग ती गोळीच कायमची बंद करा की!" डॉक्टर म्हणाली, "आज थांबवली आहे, पण ती डॉक्टर म्हणून मी. पुढे काय करायचं ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. मनानं सुरू करायचं नाही, मनानं सोडायचंही नाही."

आणि सरांना व्हरांड्यात नेऊन समजावलं. "सर, पूड विष नव्हे. काही लोक ती झोपेसाठी, उदासपणासाठी घेतात. काहींना बरं वाटतं, पण भक्कम पुरावा फारसा नाही. तिच्यापासून शरीर सेरोटोनिन बनवतं. आणि सकाळची गोळी तेच सेरोटोनिन मेंदूत टिकवून धरते. एकीकडून तुम्ही ओतत होतात, दुसरीकडून निचरा अडला होता. पेलाभर दुधात ते असतं किंचित, आणि इतर अमायनो आम्लांच्या गर्दीत. तुम्ही दिलंत चमच्यानं, निव्वळ. अंश चालतो म्हणून ढीग चालतो का, सर?"

शिष्येनं अनुमानाच्या हेतूतला, म्हणजे त्यातल्या कारणातला, दोष दाखवला, तो बरोबर होता.

द्वादशीला सकाळी ताईंचं अंग निवलं. पारण्याला मऊ पेज आली. पंत वाटी धरून पलंगाशी बसले. म्हणाले, "कुमुद, माझं अनुमान चुकलं."

ताईंनी मान त्यांच्याकडे वळवली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "अनुमानाचं मला काय कळतंय! पण काल सकाळी तुम्ही दोघं बोलत होतात. टोपण चालतं का, पूड चालते का, दुधातून चालते का. मी तिथेच बसले होते हो, समोर. मला चालेल का, हे कुणी विचारलं नाही."

पंतांनी चमचा पेजेत बुडवला, आणि तसाच धरला. म्हणाले, "पेज देऊ? चालेल तुला?"

"मीठ कमी असेल," ताई म्हणाल्या. "पण द्या."

मंडळी, संपलं आख्यान. आता तुमच्याकडे वळतो. तुमच्या फडताळांत बाटल्या आहेत. सुनेनं आणलेल्या, भाच्यानं पाठवलेल्या, जाहिरातीत पाहून मागवलेल्या. नैसर्गिक, शुद्ध, शाकाहारी! डॉक्टर विचारतात तेव्हा त्या तुमच्या तोंडी येत नाहीत. येऊ द्या. पूड असो, काढा असो, ओळखीच्यानं दिलेली पुडी असो. औषध कोणतं आणि आहार कोणता, हे ठरवायचं काम त्यांचं, तुमचं नव्हे.

हे सांगूनही तुम्ही विसराल. मीही दमलो आहे, रागावत नाही. पण आज इथेही एकादशी, आता प्रसादाचे द्रोण फिरतील. पहिला हात पुढे येईल आणि प्रश्न येईल — "बुवा, ह्यात मोहरी नाही ना? उपासाला चालेल ना?" चालेल, मंडळी. खुशाल खा. फक्त एक करा. द्रोण पुढे सरकवण्याआधी शेजारच्या माणसाच्या तोंडाकडे पाहा, आणि त्याला विचारा — तुला बरं आहे ना?

आणि उत्तर येईपर्यंत द्रोण हातातच धरा.