फळीतलं तोंड

(शाळेचा आनंदमेळा. पहिलीचा रिकामा वर्ग, बुटकी बाकं. बाहेर मैदानावर लाउडस्पीकर चालू आहे.)

नवरा : कानात पाणी गेलंय. आणि हे काय आणलंस? फळा पुसायचं फडकं?

बायको : दुसरं काही मिळालं नाही इथं. मान वाकडी करा. करा म्हणते ना.

नवरा : पूस, खडूसकट पूस. फळीवरच्या विदूषकाच्या भोकातून तोंड काढून बसलोय, थोडी पावडर तरी लागू दे.

बायको : चिडताय काय एवढे? खेळच आहे तो.

नवरा : खेळ? दरवर्षी पीटीचे सर बसतात त्या फळीमागं. पोरं लांबून ओले स्पंज टाकतात, निम्मे फळीला लागतात, निम्मे कुंपणापलीकडे, सर जीभ काढून दाखवतात, संपलं. आज पोरं कुठं होती रांगेत? सगळे बाप! बाह्या वर सारून!

बायको : आयाही होत्या.

नवरा : होत्या की. दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. काय नेम तो! एवढा नेम दात काढताना असता तर माझी चांगली दाढ वाचली असती.

बायको : गप्प बसा, ताई येतायत. मेळ्याच्या ताई.

ताई : दादा! इथं लपलात होय? अहो, तुमच्या स्टॉलची रांग फाटकापर्यंत गेलीय! बाकीचे नुसते माश्या मारतायत. एवढी वर्षं मी हा मेळा करतेय, पण सगळे पालक असे एक झालेले कधी बघितले नाहीत. मला तर भरूनच आलं.

नवरा : मलाही भरून आलंय. कानात.

ताई : तुमचं आपलं काहीतरीच! अजून अर्धा तास बसा ना प्लीज. तुमच्याशिवाय मजा नाही.

नवरा : ताई, त्या दिवशी बैठकीत तुम्ही या फळीसाठी माझं नाव सुचवलंत आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालं गेलं गंगेला मिळालं. घरी येऊन हिला म्हणालो, बघ, विसरले लोक.

ताई : विसरलेच आहेत हो. तुम्हीच मनात धरून बसता. या हं पाच मिनिटांत, मी माइकवर सांगते तोवर.

बायको : गेल्या. चला, मागच्या दारानं घरी जाऊ या.

नवरा : म्हणजे उद्यापासून खिलाडूवृत्ती नाही असंही म्हणतील. शाळेची बस चालवणाऱ्या मामांच्या पोटावर पाय देणारा तर आहेच मी.

बायको : मामा चांगल्या मनानं उतरायचे हो. लहान मुलांना रस्ता ओलांडून द्यायला.

नवरा : चांगल्या मनानं, इंजिन चालू ठेवून, आत बसभर पोरं! आणि सरकली ना बस उतारावर? कोणी पाहिली?

बायको : हळू बोला.

नवरा : कोणी पाहिली, सांग ना. मी तर ऑफिसात होतो.

बायको : मी पाहिली.

नवरा : तू ऑफिसात फोन केलास. म्हणालीस, पुढच्याच सीटवर आपली पोरगी होती, आजच्या आज मुख्याध्यापकांना भेटा. गेलो. डॉक्टरीणबाई, तो बिल्डर, औषधवाला, सगळे म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, आम्ही आहोत पाठीशी. आत जाऊन मागं वळून बघतो तर एक जण बुटाची लेस बांधतोय आणि एकीचा फोन वाजतोय! मी एवढंच म्हटलं होतं की मदतीला दुसरा माणूस द्या. शाळेनं मामांना कामावरूनच काढलं, आणि खापर माझ्या डोक्यावर.

बायको : मला ठाऊक आहे सगळं.

नवरा : ठाऊक आहे ना? मग गेटवर एकदा तरी तोंड उघडलंस? 'माझ्या सांगण्यावरून गेले होते ते', एवढं एक वाक्य?

बायको : तुम्ही सकाळी उठून जाता निघून. त्या बायकांत रोज उभं मला राहावं लागतं. भित्री म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. नाही झालं माझ्याच्यानं.

नवरा : म्हणून काय उपयोग आता. पोरगी कुठंय? खाल्लं का तिनं काही?

बायको : रांगेत आहे.

नवरा : आइस्क्रीमच्या?

बायको : तुमच्या.

नवरा : माझ्या?

बायको : ओढत होते मी तिला. हात झटकला माझा. म्हणाली, खाऊच्या पैशातून तिकीट काढलंय, कुणाचं काय जातं.

नवरा : मामा तिला रोज हॉर्न वाजवू द्यायचे. उतरायच्या आधी, एकदा.

बायको : बास झालं. मी जाते, आत्ताच्या आत्ता सांगते तिला. बस मी पाहिली आणि बाबांना मीच पाठवलं.

नवरा : थांब.

बायको : आता का? तुम्हालाच हवं होतं ना?

नवरा : गेटवर सांग. माइकवर सांग, ताई लगेच देतील हातात. तिला नको. माझ्याशी बोलणं टाकलंय तिनं, उद्या तुझ्याशी टाकेल. रात्री ताप चढला तर हाक कुणाला मारणार ती? घरात एकाशी तरी बोलू दे पोरीला.

बायको : आणि तुम्ही?

नवरा : मी काय, भिजलोच आहे. ते फडकं राहू दे तिथंच. ऐक, ताईंनी नाव पुकारलं.

बायको : मग निदान एवढं ऐका माझं. ती समोर आली की डोळे गच्च मिटून घ्या.

नवरा : मिटू कसे? मामांना काढल्यापासून आज पहिल्यांदा बघणार आहे ती माझ्याकडे.