बदली खेळाडू

तुम्ही हसाल, पण एकदा गावानं माझीच अदलाबदल ठरवली होती. बहात्तरचा दुष्काळ सरला त्या साली आमचा कबड्डीचा संघ ओळीनं पाच सामने हरला. मी त्यात पकडीला असायचो.

हॉटेलात चहा पिता पिता आमचा कप्तान बापू म्हणाला, "शेजारच्या गावचा रंगा चढाईला लय भारी हाय. त्यालाच मागून घेऊ."

"आन् त्यांनी त्यो फुकट कसा सोडायचा?" मी विचारलं.

"बदल्यात तुला देऊ की!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सायकल माझ्या एकट्याकडं, म्हणून बापूला डबलसीट घेऊन जायचं कामही माझ्याच गळ्यात. डोकं तापलं होतं, पण म्हटलं, निदान जिंकणाऱ्या संघात तरी जाऊ. घाम गाळत सगळा चढ चढलो.

त्यांचे कप्तान तात्या म्हशीची धार काढत होते. बापूचं सगळं ऐकून त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"आरं गड्या, ह्यो तुमच्याकडनं खेळतोय म्हणून तर आमी जिंकतोय. ह्याला इकडं आणून आमी काय करू?"

बापू खो खो हसत सुटला.

परतीला सगळा उतारच होता. बापूला मी चालत यायला लावलं.