अकराचे पंचावन्न

मंडळी, आधी सांगा — खोटं दुसऱ्याला फसवतं, हे कळलं. पण आपलंच खोटं वाचून आपणच फसलो, तर दोष कुणाचा? ऐका!

नाशकात शलाका मोडक नावाची इंजिनियर. तिनं संगणकात अख्खा घाट उभा केला — वळणं, दऱ्या, सगळं! वीस बसचालक आपापल्या खुर्चीत बसून एकाच घाटात गाडी चालवायला शिकायचे. आता हा घाट हलतो कसा? वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढून पानं फर्रकन सोडायचो ना, तसा! सेकंदाला किती चित्रं, तो आकडा कोपऱ्यात दिसायचा. त्याला म्हणतात फ्रेम रेट. तिथं कायम पंचावन्न! (आमचे तबलजीही म्हणतात, मात्रा सोळाच वाजवल्या. आम्ही विश्वास ठेवतो!)

एकदा परीक्षेला आले हैबतराव. तीस वर्षं घाटात, गाडीला ओरखडा नाही. आणि इथं? तीनदा दरीत! पोरं हसली. हैबतराव म्हणाले, ब्रेक उशिरा लागतोय. शलाकानं पंचावन्नच्या आकड्याकडे बोट दाखवलं — यंत्र चोख आहे, चूक तुमची!

ते शांतपणे म्हणाले, "आकडा बरोबर असेल, ताई. पण माझा पाय मला ठाऊक आहे."

आता अहवालात 'चालकाचा प्रतिसाद मंद' असं लिहिलं, की त्यांची घाटातली ड्युटी सुटणार! शलाकानं पेन उचललं... आणि ठेवलं. मोबाइलवर पडद्याचं चित्रण केलं, एकेक चित्र बोटानं मोजलं. सेकंदाला किती भरली? अकरा! अहो, वीस गाड्यांच्या ओझ्यानं घाटच रखडत होता, तर ब्रेक वेळेवर लागणार कसा?

मग पंचावन्न आले कुठून? तिनं प्रोग्रॅम उघडला. एक ओळ सापडली — आकड्याला पाचनं गुणा. शेजारी लिहिलेलं, 'प्रदर्शनापुरतं'. खाली नाव? शलाका मोडक! तीन वर्षांपूर्वी पाहुण्यांनी नाकं मुरडू नयेत म्हणून तिनंच घातलेली ओळ. काढायची राहिली, आणि पुढं तो आकडा तिलाच खरा वाटला!

तिचे साहेब म्हणाले, ती ओळ गुपचूप काढून टाक, कुणाला कळतंय?

ती म्हणाली, "दोष सगळ्यांसमोर दिलाय, सर. सगळ्यांसमोरच परत घेते."

आणि घेतला, मंडळी! वीस चालकांसमोर हैबतरावांची माफी मागितली. पडद्यावर खरे अकरा झळकले. लाज वाटली, पण दुखणं कळलं — घाटातल्या झाडांचं पान न् पान संगणक मोजत बसला होता! महिनाभर खपून तिनं तो भार उतरवला. आकडा चाळीसवर गेला. खरा चाळीस! हैबतराव पुन्हा बसले, सगळी वळणं घेऊन अलगद खाली उतरले.

म्हणाले, "आता ब्रेक माझं ऐकतोय."

हसलात? हसा! पण मला सांगा — जप एक माळ, सांगताना पाच, असं इथं कोण कोण करतं? हात वर नका करू, माझाच आधी जाईल! देवाला आकडा दाखवायचा नसतो, मंडळी. पण आपल्याला तरी खरा माहीत हवा ना? मग आज निजण्याआधी आपली ती एक ओळ शोधा... आणि खोडा. बोला, पांडुरंग हरी!