बिनदाराचं घर

(कासोआ गावाबाहेर पत्रे चढलेलं, पण दारं-खिडक्या नसलेलं एक घर. शनिवार सकाळ. मासेवाली कोर्कोर, राजधानी अक्राहून आलेली तिची मुलगी देदे, आणि आग्बेको मिस्त्री.)

देदे : दोन वर्षांचं भाडं, आई. एकरकमी. तेही वाढवून.

कोर्कोर : एका खोलीचं?

देदे : एका खोलीचं. आमच्या मदीना वस्तीत सगळे मालक असंच मागतात. महिन्याच्या महिन्याला घेणारा एक मालक दाखव, मी त्याचे पाय धुते.

कोर्कोर : म्हणजे तू माझे खिडक्यांचे पैसे मागायला आलीस.

देदे : मागायला नाही गं... बरं, मागायलाच. उसने.

कोर्कोर : मिस्त्री, ऐकलंत?

आग्बेको : मी कुठे काय ऐकलं, बाई? मी वाळू चाळतोय.

कोर्कोर : शहाणे आहात. देदे, तुझ्या हातात ते काय?

देदे : भात आणि कोंबडी. ऑफिसखालून घेतला. तुझ्यासाठीही आणलाय.

कोर्कोर : डब्यातला भात! डब्याचे पैसे वेगळे, पिशवीचे वेगळे, हसून देणाऱ्या पोराचे वेगळे. मी तुझ्या वयाची होते तेव्हा मक्याच्या पिठाचं केंके आणि मिरची, एवढ्यावर दिवस काढायचे. दिवसभर धुरात बसून मासे भाजायचे, पण ते विकायला. खायला नाही. हातात चार पैसे आले की भिंतीसाठी सिमेंटचे ब्लॉक घ्यायचे. तुझ्या वेळी कळा सुरू झाल्या ना, तरी आधी सिमेंटची पोती झाकली आणि मग दवाखान्यात गेले.

देदे : माहीत आहे. इतर पोरींना बाहुल्या होत्या, मला ब्लॉक.

कोर्कोर : म्हणून आज भिंती उभ्या आहेत!

देदे : उभ्या आहेत गं. पण आत राहतं कोण? पाली. बरं, एक सांग. तेव्हा तू राहायचीस कुठे?

कोर्कोर : कुठे म्हणजे? चोर्कोरला, आपल्या घराण्याच्या सामाईक घरात.

देदे : भाडं किती?

कोर्कोर : आजीच्या घरात कसलं भाडं?

देदे : तेच म्हणते मी. तू फुकट झोपलीस आणि वाचलेल्याचे ब्लॉक घेतलेस. मला आधी झोपायचे पैसे भरावे लागतात, मग उरेल त्यात जेवायचं. हा भात सोडला तर वर्षभरात फार तर एक चौकट येईल, आई. घर नाही येणार.

कोर्कोर : फुकट? फुकट म्हणतेस? एका खोलीत सात बायका झोपायचो आम्ही. कूस बदलायची तर बाजूचीला उठवून. मावशी साखरेचा डबा उशाशी घ्यायची आणि सकाळी माझ्याकडे बघत तो हलवून बघायची. तू रात्री रडलीस की मी तुला घेऊन समुद्रावर जाऊन बसायचे, कुणाची बोलणी नकोत म्हणून. टोमणा मिळाला की मी ब्लॉक घ्यायचे. बघ चहूकडे, किती टोमणे रचलेत ते.

आग्बेको : दोन खोल्या, बैठक आणि ओसरी भरून.

देदे : ...हे तू कधी सांगितलं नाहीस.

कोर्कोर : तू कधी विचारलं नाहीस. हे घे, पैसे गाठीतच आहेत. खिडक्या काय, पुढच्या वर्षी बसतील.

देदे : थांब. इतक्या पटकन? फोनसाठी मागितले तेव्हा महिनाभर माझ्याशी बोलली नव्हतीस. काय झालंय?

कोर्कोर : काय व्हायचंय?

देदे : आग्बेकोकाका?

आग्बेको : मी वाळू चाळतोय.

देदे : काका!

आग्बेको : बाई, सांगून टाका. परवा त्या कोपऱ्यात चटई टाकून पडून बघत होतात, ते मी पाहिलंय.

कोर्कोर : तुमच्या तोंडाला गिलावा करायला हवा. ...लार्टेमामाचा मुलगा इटलीहून आलाय. सामाईक घर पाडून मजले चढवायचे म्हणतो, भाड्याने द्यायला. वडीलधाऱ्यांनी मान डोलावली. होमोवोच्या सणाआधी मला माझी खोली रिकामी करायची आहे.

देदे : आणि तरी तू मला पैसे देत होतीस?

कोर्कोर : तुझा मालक दारात उभा आहे. माझा सण अजून लांब आहे.

देदे : ठेव ते परत गाठीत. मी मालकाला काही देत नाही. माझ्याकडे निम्मं भाडं जमलंय, ते इथे लावू. काका, एक खोली राहण्याजोगी करायची तर काय लागेल?

आग्बेको : दार, खिडकी, संडास, पाण्याची टाकी. विजेचा खांब कोपऱ्यापर्यंत आलाच आहे.

कोर्कोर : अर्धवट घरात राहायचं? ना गिलावा, ना रंग! लोक म्हणतील, कोर्कोर कुणाच्या तरी घराची राखणदार झाली. मला पुऱ्या घरात यायचं होतं गं. पांढरे कपडे घालून, ढोल लावून. मावशीच्या लेकींना पहिल्या ओळीत बसवून.

देदे : बसव ना! आधी राहू, मग रंगवू, मग ढोल. जे मदीनाच्या मालकाला जायचं ते इथल्या भिंतींत जाईल. तू करत होतीस तेच, फक्त आत राहून.

कोर्कोर : आणि ऑफिस? इथून अंधारात निघावं लागेल, ट्रोट्रोच्या गाडीत चेंगरत.

देदे : निघेन. जागा मिळाली तर बसून झोपेन.

कोर्कोर : तुला फ्रीज लागतो.

देदे : तुझ्या माशांनाही लागेल.

कोर्कोर : आणि हा डब्यातला भात?

देदे : फक्त शुक्रवारी. एरवी तुझं केंके.

कोर्कोर : महिन्यातून एक शुक्रवार.

देदे : दोन.

कोर्कोर : ...आण इकडे, गार होतोय. मिस्त्री, हात धुवा, तुम्हीही या. बघा, मिठाचा पत्ता नाही, आणि लोक रांगा लावतात! कोंबडी मात्र बरी आहे.

आग्बेको : सुताराला गुरुवारी आणतो मी.

कोर्कोर : मग देदे, खोली सोडते म्हणून मालकाला शुक्रवारी सांग. दार बसल्यावर. आणि आवाज चढवू नकोस हो. त्यानेही कधीतरी ब्लॉकच मोजले असतील.

आग्बेको : बाई, दार आत उघडायचं की बाहेर?

कोर्कोर : तिला विचारा.

देदे : बाहेर. आत दोघींची अंथरुणं असतील.