दाढीचा आरसा

आजोबा : तर मॅडम, नातीचं ऑपरेशन पुन्हा करावं लागणार, हे आम्ही घरीच तपासून आलोय. तुम्ही फक्त शिक्का मारा.

मॅडम : मी वाचातज्ज्ञ असून मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कसं कळलं?

आजोबा : मागच्या वेळी तुम्हीच दाखवलंत. नाकाखाली आरसा धरायचा, पोरीला बोलतं करायचं. शिवलेल्या टाळूमागून हवा नाकात निसटली तर आरशावर वाफ धरते. मी रोज सकाळी दाढीचा आरसा धरतो. पंधरा दिवस झाले, रोज वाफ.

मॅडम : कोणता शब्द म्हणायला लावता?

आजोबा : मामा.

मॅडम : मामाच का?

आजोबा : तिच्या मामाचा हट्ट. वर्षाची असताना तिची जन्मापासूनची फाटकी टाळू शिवली, तेव्हा आठ दिवस रजा काढून तोच उशाशी बसला होता. तिनं टाक्यांना हात लावू नये म्हणून दोन्ही हात धरून.

मॅडम : हा आरसा घ्या. स्वतःच्या नाकाखाली धरा आणि म्हणा, मामा.

आजोबा : या वयात?

मॅडम : म्हणा हो.

आजोबा : मामा. मामा... अरेच्चा. म्हणजे माझीही टाळू फाटकी?

मॅडम : नाही. 'म' म्हणताना सगळ्यांचीच हवा नाकातून जाते. पंधरा दिवस उगाच घाबरलात.

आजोबा : मी कुठे घाबरलो? घरचे घाबरले. मी फक्त जेवत नव्हतो.

मॅडम : आता खरी परीक्षा. प, ट, क म्हणताना हवा तोंडात कोंडावी लागते. तिथे आरसा कोरडा राहिला पाहिजे. ये गं, बस इथे. आरसा मी धरलाय. म्हण, पोपट.

नात : ...

मॅडम : बरं, टोपी?

नात : ...

आजोबा : घरी तोंडाचा पट्टा चालू, आणि इथे मिठाची गुळणी. बबडे, बोल की गं. मॅडम, हिला मी चमच्या-चमच्यानं दूध पाजलंय. अर्धं हिच्या पोटात, अर्धं हिच्या नाकातून माझ्या सदऱ्यावर. एवढ्या सदऱ्यांची तरी लाज राख. बोल. अगं, बोल ना.

नात : गप बस, टकल्या.

(मॅडम आरसा खिडकीच्या उजेडात धरून पाहतात.)

मॅडम : पुन्हा एकदा म्हण बाळा.

नात : टकल्या. टकल्या. टकल्या.

मॅडम : कोरडा. अगदी कोरडा. बाकीचे शब्द तपासते, पण अशी बोलणारी पोर मी पुन्हा टेबलावर पाठवणार नाही, आजोबा.

आजोबा : 'गप'सुद्धा नीट आलं ना?

मॅडम : 'गप'सुद्धा. पण हे शिकवलं कुणी?

आजोबा : हिच्या आजीनं. बेचाळीस वर्षं म्हणतेय ती. पण इतकं स्वच्छ तिलाही कधी जमलं नाही.