धाकट्या साडूची जाड टायरवाली

…आणि वर मलाच विचारतो, ‘‘दादा, टायर कसे वाटले?’’ आता टायर कसे वाटणार? टायरसारखे वाटले! काळे! गोल! जरा जास्तच गोल! अहो, सायकलला टायर लावलेत की बैठकीतले लोड? तुम्हाला सांगतो, मी जळत नाही हं. माझ्या स्वभावातच नाही ते. कुणाचं चांगलं झालं की मला आनंदच होतो, फक्त तो चेहऱ्यावर यायला जरा वेळ लागतो.

हा माझा धाकटा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. विम्याच्या ऑफिसात बसतो. बसतो म्हणजे बसतोच! उठायचं झालं तर टेबलावर दोन्ही हात टेकून आधी ‘आई गं’ म्हणतो, मग विचार करतो, मग उठतो. असा माणूस एका रविवारी सकाळी माझ्या दारात सायकलवर! आणि कपाळावर घामाचा थेंब नाही! म्हटलं, ‘‘अरे, पायडल मारतोस की नाही?’’ तर म्हणतो कसा, ‘‘मारायचं तर मारायचं, दादा, नाहीतर हा अंगठा दाबायचा, बॅटरीवर पळते.’’ अंगठा! मी आठवडाभर औषधाच्या दुकानात उभा, ‘ही जेवणाआधी, ही जेवणानंतर’ करत, आणि रविवारी पोटऱ्यांचे दगड होईपर्यंत सायकल हाणतो, आणि हा अंगठा दाबतो!

दाबू दे. माझं काय जातंय? मी जळत नाही.

माझं दुखणं वेगळं. माझं दुखणं म्हणजे सासरे. तुम्ही म्हणाल, ते सगळ्यांचंच असतं. नाही हो, उलटं! माझं सासऱ्यांशी जमतं. भलतंच जमतं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली त्यांनी, एका डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून. घरात तोंडातून शब्द नाही. पण सायकलवर बसले की जीभ सुटायची! लग्न झाल्यापासून दर रविवारी आम्ही दोघं, दोन सायकली, जोडीनं नदीकाठच्या टपरीपर्यंत, चहा, आणि परत. जाताना ते बोलायचे, येतानाही तेच बोलायचे. मध्येच, ‘‘जावईबापू, चेन कुरकुरतेय हं तुमची!’’ तेवढ्या ‘जावईबापू’वर माझा आठवडा निघायचा.

आणि मग त्यांचा गुडघा गेला. सायकल भिंतीला टांगली. मी म्हटलं, ‘‘बाबा, माझ्या कॅरिअरवर बसा.’’ बसले बिचारे. कॅरिअर लोखंडी, रस्ता दगडी, आणि सासऱ्यांच्या अंगावर मांस बेताचं! कोपऱ्यापर्यंत गेलो असू-नसू, म्हणाले, ‘‘उतरवा.’’ बास. रविवार संपला. मी एकटाच जायचो, एकट्यानंच चहा प्यायचो… कडू लागायचा हो. साखर तेवढीच असायची.

आणि अशात हा येतो! मागे ही एवढी गुबगुबीत सीट, पाय ठेवायला दांड्या! ‘‘बाबा, बसा.’’ बाबा बसले! आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात काय… ‘‘जावईबापू, निघा!’’

त्याला! ‘जावईबापू’ त्याला! आणि माझ्याकडे वळून? ‘‘तुम्ही या मागून.’’

मागून! आता सांगा, तुमचं काय झालं असतं? माझं काहीच झालं नाही. मी जळत नाही.

निघालो मागून. आधी साधा रस्ता. तिथं मी त्याला गाठला, एकदा तर पुढेही गेलो, सासऱ्यांनी बघितलं की नाही कोण जाणे. मग लागली खडी. नवीन रस्ता होतोय, नुसती खडी पसरलेली. माझी सायकल तडतड, तडतड, दात एकमेकांवर आपटतायत, घंटी आपोआप वाजतेय… आणि ते दोघं लोण्यातून चालल्यासारखे! सासरे हात सोडून बसलेत! वर ओरडून विचारतात, ‘‘एवढी घंटी कशाला वाजवताय हो? वाटेत कुणी नाहीये!’’

मग चिखल. मी उतरून सायकल खांद्यावर घेतली, चप्पल तिथेच राहिली, ती काढायला वाकलो तर दुसरी गेली. साडू? पचक पचक करत पार! मग चढ. चढावर तर त्यानं अंगठाही नुसता टेकवला हो, गरम तव्याला टेकवावा तसा, आणि गाडी वर! मी वर पोचलो तेव्हा सासरे उतरून पाय मोकळे करत होते. म्हणाले, ‘‘काय हो, दम लागला?’’ म्हटलं, ‘‘छे, मी असाच श्वास घेतो.’’

नदीत आता पाणी कमी, नुसती वाळू. तिथं साडू थांबला, खाली वाकला आणि टायरमधली हवा सोडायला लागला. हवा! सोडायला! मी दर रविवारी निघताना अंगठ्यानं टायर दाबून बघणारा माणूस, टणक लागल्याशिवाय घर सोडत नाही, आणि हा भरलेली हवा सोडतोय! म्हणाला, ‘‘वाळूत टायर पसरला पाहिजे, दादा, म्हणजे रुतत नाही.’’ सासऱ्यांनी मान डोलावली! घड्याळ नीट चालायला लागलं की डोलवायचे ना, तश्शी!

आणि मग तो म्हणाला, ‘‘बघा की चालवून.’’

म्हटलं नको. म्हटलं कशाला. म्हटलं आपल्याला असली हौस नाही… एवढं म्हणेपर्यंत मी बसलो होतो हो! ओरडत होता मागून, ‘‘दादा, दोनवरच ठेवा! वाळूत पाचवर बॅटरी फार खाते!’’ कोण ऐकतंय? मी पाचवर! अंगठा दाबला आणि… तुम्हाला काय सांगू! अहो, वाळू! ज्या वाळूत माझी सायकल कपाळ टेकते, त्या वाळूवरून मी सुसाट! या काठावरून त्या काठावर! त्या काठावरून परत! गोट्यांवरून गेलो, पाण्यातून गेलो, गवताच्या उंचवट्यावर चढलो, उतरलो, पुन्हा चढलो! मी ओरडत होतो म्हणे. मला आठवत नाही. सासरे म्हणतात, ‘हुर्रर्र’ असं काहीतरी ओरडत होतात.

आणि उंचवट्यावरून शेवटचं उतरलो, अंगठा दाबला, गाडीनं नुसतं ‘टुक’ केलं. दिवा गेला, आकडे गेले, सगळं गेलं. मेली.

आता गाडी मेली की तिचं वजन किती होतं ते मेल्यावरच कळतं! पायडल मारून बघितलं. चाक ढिम्म! त्यात टायरात हवा नाही. म्हटलं, पंप? ‘‘आहे की, दादा,’’ साडू म्हणाला, ‘‘पण तो बॅटरीवर चालतो.’’ कुठल्या बॅटरीवर? याच! फोन लावावा तर नदीपासून गावापर्यंत रेंज नाही. आणि सासऱ्यांना एवढं अंतर चालवत नाही. साडूनं काय करावं? माझी सायकल उचलली, टांग मारली आणि, ‘‘मी पुढे जाऊन एखादी गाडी बघतो!’’ गेला! जाताना, ‘‘वा, दादा, हलकी आहे हो तुमची!’’

तो गाडी बघायला गेला तो थेट आमच्या घरी गेला, तुम्हाला सांगतो! आंघोळ, नाश्ता! नंतर म्हणतो, ‘‘मिळालीच नाही, दादा.’’

आणि मी? सासरे मागच्या सीटवर, एक हात माझ्या पाठीवर, आणि मी हँडल धरून ढकलतोय. वाळूतून. काठाच्या चढावरून. चिखलातून, दोन पावलं पुढे, एक मागे. खडीतून. सासरे बोलतायत. कुणाच्या तरी भिंतीवरचं घड्याळ दर पावसाळ्यात मागे का पडायचं, ते सांगतायत. मी ‘हो… हो…’ करतोय. काठ चढलो तिथंच आमची टपरी लागली होती. थांबलो. चहा घेतला. गोड होता हो.

घरी पोचलो. बायको दारातच, ‘‘अहो, हे काय ध्यान? बाबांना कुठे नेलं होतंत?’’ मी तोंड उघडणार तेवढ्यात सासरे उतरले आणि सगळ्यांसमोर म्हणतात, ‘‘काय गाडी आहे! बॅटरी संपली, हवा गेली, तरी घरापर्यंत एक धक्का नाही!’’

साडू हसला. त्यानं सीटवर थाप मारली. गाडीला शाबासकी! मी चप्पल धुवायला नळावर गेलो. मी जळत नव्हतो. तेवढा जोरच नव्हता राहिला.

तर मागून सासरे आले, लंगडत. इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, ‘‘जावईबापू, त्याच्या मागे बसलं ना, की वाऱ्यात काही ऐकूच येत नाही. माणूस बोलणार काय? आज कशा गप्पा झाल्या! पुढच्या रविवारीही संपवा हं ती बॅटरी.’’

आता काय करता? कंबरेला पट्टा बांधलाय, रोज शेकतोय, आणि शनिवार आला की मीच साडूला फोन करतो, ‘‘ये बाबा उद्या, गाडी घेऊन ये… आणि हे बघ, उगाच फार चार्ज करत बसू नकोस.’’